कार्यकारी कोचिंग आणि व्यवस्थापन सल्ला : संकल्पना, भेद व मर्यादा

गोषवारा

संस्थेच्या प्रमुखपदावरील व्यक्तीला बाहेरून मदत मिळण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत : व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक आणि कार्यकारी कोचिंग. बाह्यतः दोन्ही सारखेच भासतात. दोन्हींत एक अनुभवी व्यक्ती येते, चर्चा करते व मानधन घेते. परंतु समस्येचे उत्तर कोणाजवळ आहे आणि त्या उत्तराची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांवर हे मार्ग परस्परांपासून वेगळे होतात. प्रस्तुत लेखात या दोन व्यवसायांची ऐतिहासिक घडण, त्यांतील मूलभूत भेद, काही प्रत्यक्ष दाखले आणि कोचिंगच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. गरजेचे निदान चुकल्यास दोन्ही मार्ग निष्फळ ठरतात, किंबहुना अपायकारकही होऊ शकतात, असे प्रतिपादन येथे केले आहे. महाविद्यालयीन नेतृत्वाच्या संदर्भात या भेदाचे महत्त्वही स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : कार्यकारी कोचिंग, व्यवस्थापन सल्ला, नेतृत्वविकास, प्रक्रिया-सल्ला, गोपनीयता, महाविद्यालयीन प्रशासन

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘कोचिंग’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ते दहावी-बारावीचे, अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशपरीक्षांचे आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग. तेथे उत्तर शिकविणाऱ्याजवळ असते आणि विद्यार्थ्याने ते कमीत कमी वेळात आत्मसात करावयाचे असते. उद्योगक्षेत्रात गेल्या तीन-चार दशकांत रूढ झालेल्या ‘एक्झिक्युटिव्ह कोचिंग’ या संज्ञेतही हाच शब्द आहे. अर्थ मात्र जवळजवळ उलट आहे. येथे कोच उत्तर सांगत नाही. समोरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या कामाकडे, सवयींकडे आणि निर्णयांकडे नव्याने पाहता यावे, एवढीच तो व्यवस्था करतो.

या शब्दसाम्यामुळे एक गोंधळ होतो आणि ‘मार्गदर्शन’ या आपल्याकडील सर्वसमावेशक शब्दामुळे दुसरा. सल्लागार, कोच, समुपदेशक, प्रशिक्षक आणि ज्येष्ठ मार्गदर्शक या सर्वांच्या कार्याला आपण मार्गदर्शन हीच एक संज्ञा वापरतो. परिणामी मदत घेताना नेमके काय मागावे आणि मदत करताना नेमके काय द्यावे, हे अस्पष्ट राहते.

प्राध्यापकवर्गासाठी हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. वाणिज्य, व्यवस्थापन व मानसशास्त्र या विद्याशाखांच्या अध्यापनात या संकल्पना वारंवार येतात, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राचार्यपदासाठी किमान १५ वर्षांचा अध्यापन-संशोधनाचा अनुभव अपेक्षित असून नियुक्ती ५ वर्षांसाठी असते. आयुष्याची दीड-दोन दशके वर्गात आणि ग्रंथालयात घालविलेली व्यक्ती एका सकाळी शे-दीडशे सहकाऱ्यांची प्रमुख होते. विषयाचे ज्ञान तिच्याजवळ असते, नियमांची पुस्तके टेबलावर असतात. परंतु कालपर्यंत बरोबरीने चहा घेणाऱ्या सहकाऱ्याला आज ‘नाही’ कसे म्हणावे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. अशा वेळी तिला सल्ला हवा असतो की कोचिंग, हा प्रश्न केवळ संज्ञांचा राहत नाही.

२. ‘कोच’ या शब्दाचा प्रवास

हंगेरीतील कोच नावाच्या गावी पंधराव्या शतकात एक विशेष प्रकारची घोडागाडी तयार होऊ लागली. गावाचे नाव गाडीला मिळाले आणि तेथून ते युरोपीय भाषांत पसरले. इंग्लंडमध्ये १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेतून ‘वाहून नेणाऱ्या’ खासगी शिक्षकाला विनोदाने हेच नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते क्रीडाक्षेत्रात आले. आपल्याकडील कोचिंग वर्गांचा अर्थ या परीक्षेच्या परंपरेतून आला, तर कार्यकारी कोचिंग क्रीडाक्षेत्राच्या वाटेने आले.

मूळ रूपकाचा एक अर्थ येथे उपयुक्त आहे. गाडी प्रवाशाला इच्छित स्थळी नेते. पण कोठे जावयाचे हे प्रवासी ठरवितो. आपल्याकडील व्यवस्थापनविषयक लेखनात श्रीकृष्णाला आदर्श कोच मानण्याची प्रथा आहे. सारथ्याच्या भूमिकेमुळे हे साम्य आकर्षक वाटते. तथापि गीतेत श्रीकृष्ण प्रामुख्याने उपदेश करतात, म्हणजे उत्तरे देतात. हे कोचचे कार्य नव्हे. साम्य शोधावयाचेच तर ते अठराव्या अध्यायाच्या उत्तरार्धात सापडते. तेथे सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार करून इच्छेप्रमाणे वागण्याची मुभा अर्जुनाला दिली जाते. निर्णयाचा हा अधिकार समोरच्याकडे ठेवणे, हेच कोचिंगचे मर्म होय.

३. सल्लागार व्यवसायाची घडण

व्यवस्थापन सल्ल्याचा जन्म तज्ज्ञतेच्या गरजेतून झाला. रसायनशास्त्रज्ञ आर्थर लिटल यांनी १८८६ मध्ये बॉस्टन येथे रासायनिक विश्लेषणाच्या कामातून जो व्यवसाय उभारला, तो या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी एक मानला जातो. फ्रेडरिक टेलर यांनी कारखान्यातील प्रत्येक हालचालीचे मोजमाप करून कामाची ‘एकमेव उत्तम पद्धत’ शोधण्याचा ध्यास घेतला. त्यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठात लेखाशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या जेम्स मॅकिन्झी यांनी १९२६ मध्ये आपली संस्था स्थापन केली. या सर्वांच्या कार्यामागील गृहीतक एकच होते : संस्थेला जे दिसत नाही ते बाहेरील तज्ज्ञाला दिसते, कारण त्याच्याजवळ ज्ञान, आकडेवारी आणि तुलनेसाठी इतर संस्थांचा अनुभव असतो.

हे गृहीतक चुकीचे नाही. कर-नियोजन, संगणकीकरण, इमारतीची सुरक्षितता, वेतननिश्चिती, मूल्यांकनाची कागदपत्रे अशा असंख्य बाबतींत तज्ज्ञाचा सल्ला हाच योग्य मार्ग ठरतो. ज्याला भूकंपरोधक रचनेचे ज्ञान नाही, त्याला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारीत बसणे हा केवळ कालापव्यय होय.

परंतु सल्लागाराने दिलेला उत्तम अहवाल कपाटात पडून राहतो, हाही सार्वत्रिक अनुभव आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या ‘प्रक्रिया-सल्ला’ या संकल्पनेतून याची कारणमीमांसा करता येते. त्यांनी मदतीची तीन प्रारूपे सांगितली. पहिल्यात ग्राहक तज्ज्ञता विकत घेतो. येथे आपल्याला काय हवे आहे हे ग्राहकाला अचूक कळलेले असणे आवश्यक असते. दुसरे वैद्य-रुग्ण प्रारूप. येथे निदान आणि उपचार दोन्ही सल्लागाराकडे सोपविले जातात, पण रुग्णाने खरी माहिती द्यावी आणि औषध घ्यावे ही अट राहतेच. तिसऱ्या प्रारूपात सल्लागार ग्राहकासमवेत निदान करतो आणि समस्येची मालकी ग्राहकाकडेच ठेवतो. कार्यकारी कोचिंग आणि सल्ला यांना जोडणारा पूल या तिसऱ्या प्रारूपात आहे. म्हणूनच त्या दोहोंमधील सीमारेषा भिंतीसारखी नसून नदीच्या काठासारखी आहे. ती असते, पण ऋतुमानाप्रमाणे थोडी सरकते.

४. कोचिंगची घडण

कोचिंगच्या आधुनिक विचाराचा प्रारंभ टेनिसच्या मैदानावर झाला, असे म्हणता येईल. टिमथी गॉलवे हे टेनिस शिकवीत. सूचना जितक्या कमी द्याव्यात, तितके शिकणारे लवकर सुधारतात, असे त्यांच्या ध्यानात आले. मनगट असे ठेवा, पाय तसा टाका, असे सांगण्याऐवजी त्यांनी एक साधा प्रयोग केला. चेंडू जमिनीवर टप्पा घेतो तेव्हा एक शब्द आणि तो रॅकेटला लागतो तेव्हा दुसरा शब्द मोठ्याने उच्चारावयाचा, एवढेच त्यांनी विद्यार्थ्याला सांगितले. लक्ष चेंडूवर स्थिरावले, स्वतःला दूषणे देणारा आतला आवाज शांत झाला आणि फटका आपोआप सुधारला. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकाने हा विचार सर्वदूर पोहोचविला. व्यक्तीची कामगिरी म्हणजे तिची क्षमता वजा तिच्या मार्गातील अंतर्गत अडथळे, हे त्यांचे सूत्र होय.

ब्रिटिश मोटार-शर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी हा विचार उद्योगजगतात आणला. त्यांचा ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ हा ग्रंथ १९९२ चा. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘ग्रो’ या पद्धतीत संवादाचे चार टप्पे आहेत : ध्येय कोणते, सद्यःस्थिती काय, पर्याय कोणते आणि नेमके काय करण्याचा निर्धार आहे. वरवर पाहता ही पद्धत अगदी साधी वाटते. तिची खरी कसोटी दुसऱ्या टप्प्यावर लागते. आपली सद्यःस्थिती आपल्याला ठाऊक आहे असे प्रत्येक अधिकारी मानतो आणि बहुधा तेथेच तो चुकतो.

१९९५ मध्ये अमेरिकेत टॉमस लिओनार्ड यांच्या पुढाकाराने कोचची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ‘इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन’ या नावाने ओळखली जाणारी ही संघटना तीन स्तरांवर प्रमाणपत्रे देते. प्रशिक्षण व परीक्षेखेरीज त्यांसाठी अनुक्रमे किमान १००, ५०० व २५०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. तथापि ही स्वेच्छेने स्वीकारलेली व्यावसायिक शिस्त आहे. वकिली वा वैद्यकीसारखा वैधानिक परवाना भारतात कोचला लागत नाही, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

भारतीय संदर्भातही या दोन परंपरांचा एक उल्लेखनीय संगम आढळतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रो या कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यास कार्यमूल्यमापन पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना सल्लागार म्हणून पाचारण केले. त्यांनी केवळ मूल्यमापनाचा नवा तक्ता दिला नाही, तर मनुष्यबळ विकासाची एकात्मिक व्यवस्था सुचविली. मूल्यमापनानंतर वरिष्ठाने कनिष्ठाशी विकासाच्या दृष्टीने संवाद साधावा, हे तिचे एक अंग होते. नेमणूक सल्लागाराची होती, परंतु सल्ल्याचे फलित म्हणजे संस्थेच्या आत नियमित संवादाची सोय निर्माण होणे. आपल्या अध्यापकांच्या या कार्याचा उल्लेख कोचिंगच्या इतिहासात क्वचितच होतो. तो व्हावयास हवा.

५. भेदाची सूत्रे

वरील पार्श्वभूमीवर दोन्ही मार्गांतील भेद पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(अ) उत्तराचे स्थान : सल्लागार गृहीत धरतो की उत्तर त्याच्या ज्ञानात आहे किंवा अभ्यासाने त्याला सापडेल. कोच गृहीत धरतो की उत्तर, अथवा उत्तरापर्यंत जाण्याची क्षमता, समोरच्या व्यक्तीत आहे.

(आ) कार्याचा विषय : सल्लागाराचा विषय संस्था, तिची रचना, खर्च, बाजारपेठ वा कार्यपद्धती हा असतो. कोचचा विषय व्यक्ती असते. अर्थात ती व्यक्ती जे पद सांभाळते त्या पदाच्या संदर्भात.

(इ) मुख्य साधन : सल्लागाराचे साधन विश्लेषण आणि शिफारस. कोचचे साधन प्रश्न, श्रवण, निरीक्षण आणि निर्भीड प्रत्याभरण.

(ई) अंतिम फलित : सल्लागार अहवाल, आराखडा वा नवी प्रणाली हाती ठेवतो. कोचिंगअखेर हाती ठेवण्याजोगे काही नसते. बदल झालाच तर तो वर्तनात दिसतो.

(उ) जबाबदारी : शिफारस चुकली तर तिचा दोष काही अंशी सल्लागाराकडे जातो. कोचिंगमध्ये निर्णय आणि त्याचे परिणाम, दोन्ही अधिकाऱ्याचेच राहतात.

(ऊ) विषयज्ञानाची गरज : सल्लागाराला त्या क्षेत्राचे सखोल ज्ञान अपरिहार्य असते. कोचला क्षेत्राची ओळख असल्यास उपयोग होतो, परंतु अतिपरिचयामुळे उत्तर देण्याचा मोहही वाढतो.

या दोहोंशी जवळचे नाते असलेल्या इतर भूमिका थोडक्यात वेगळ्या काढणे आवश्यक आहे. प्रशिक्षक ठरावीक कौशल्य अनेकांना शिकवितो. ज्येष्ठ मार्गदर्शक त्याच वाटेने आधी गेलेला असतो आणि स्वानुभव सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ मानसिक वेदना व विकार यांवर उपचार करतो. कोच यांपैकी काहीही नसतो. मात्र प्रसंगी यांपैकी कोणाची गरज आहे हे ओळखण्याइतकी जाण त्याला असावीच लागते.

६. एक कल्पित उदाहरण

भेद स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. एका महाविद्यालयाच्या नवनियुक्त प्राचार्यांची तक्रार आहे की विभागप्रमुखांच्या बैठकीत कोणी बोलत नाही, निर्णय होतात पण अंमलबजावणी होत नाही. सल्लागार आल्यास तो बैठकींची इतिवृत्ते तपासील, समित्यांची संख्या कमी करण्याची शिफारस करील, जबाबदाऱ्यांचा तक्ता व कालमर्यादा ठरवून देईल. हे सर्व उपयुक्त आहे.

कोच वेगळ्या वाटेने जाईल. तो कदाचित बैठकीत एका कोपऱ्यात नुसता बसेल आणि नंतर विचारील :

“मॅडम, आजच्या बैठकीत पहिल्या विषयावर प्रथम कोण बोलले?”

“मीच. विषय मांडायला नको का?”

“विषय मांडलात की निर्णय?”

“…निर्णयच सांगितला, असे म्हणा हवे तर. पण वेळ कुठे असतो?”

“मग सहकाऱ्यांनी काय बोलावे अशी तुमची अपेक्षा होती?”

या प्रश्नापाशी जी शांतता पसरते, तेथे कोचिंगला प्रारंभ होतो. ‘बैठकीत आपण शेवटी बोलावे’ ही सूचना सल्लागारही देऊ शकला असता आणि ती एका वाक्यात संपली असती. परंतु त्या प्रथम का बोलतात, याचे कारण सूचनेने सापडत नाही. ते अधिकारपदाविषयीच्या असुरक्षिततेत असेल, पूर्वीच्या प्राचार्यांच्या अनुकरणात असेल किंवा वर्गात अखंड बोलण्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीत असेल. कारण स्वतःला उमगले तर सवय बदलण्याची शक्यता निर्माण होते. पुढील बैठकीत त्यांनी पहिली दहा मिनिटे न बोलण्याचे ठरविले, तर तो निर्धार त्यांचा असेल. आणि म्हणूनच तो पाळला जाण्याची शक्यता अधिक.

तथापि याच महाविद्यालयातील विभागप्रमुख गप्प असण्याचे खरे कारण वेगळेही असू शकते. निम्मी पदे रिक्त असतील, तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर कामाचा भार असेल आणि ‘अंमलबजावणी करावी कोणी?’ हा प्रश्न बोलून उपयोग नाही असे सर्वांना ठाऊक असेल. अशा वेळी प्राचार्यांना कितीही उत्तम कोचिंग दिले तरी ती पदे भरली जाणार नाहीत. या मुद्द्याकडे आठव्या विभागात पुन्हा यावयाचे आहे.

७. प्रत्यक्ष दाखले

बॉस्टन येथील शल्यविशारद व लेखक अतुल गावंडे यांचा अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागल्यास आठ वर्षे झाल्यावर आपली प्रगती थांबल्याचे गावंडे यांना जाणवले. त्यांनी आपले निवृत्त शिक्षक रॉबर्ट ऑस्टीन यांना शस्त्रक्रियागृहात येऊन केवळ निरीक्षण करण्याची विनंती केली. २०११ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्यांनी या अनुभवाचे वर्णन केले. गावंडे यांच्या मते ती शस्त्रक्रिया निर्दोष झाली होती. ऑस्टीन यांच्या टिपणवहीत मात्र बारीकसारीक नोंदी होत्या : रुग्णावरील आच्छादन गावंडे यांच्या सोयीचे होते, समोरच्या सहायकाची त्यामुळे अडचण होत होती, त्यांची कोपरे अधूनमधून खांद्याच्या पातळीपर्यंत उचलली जात होती, आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकल्याचे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते. यांपैकी एकही गोष्ट अज्ञानातून आलेली नव्हती. गावंडे यांना हे सर्व ठाऊक होते. त्यांना दिसत नव्हते, एवढेच. ज्ञानाचा अभाव आणि आत्मदर्शनाचा अभाव यांतील फरक या एका दाखल्यातून जितका स्पष्ट होतो, तितका तो व्याख्येने होत नाही. आपल्याच शिक्षकाला, आपल्या सहायकांच्या देखत, आपल्या उणिवा टिपून घेण्यासाठी बोलाविणे यासाठी लागणारे धैर्य हाही या दाखल्याचाच भाग आहे.

दुसरा दाखला उद्योगक्षेत्रातील. २००१ मध्ये गुगलची सूत्रे हाती घेणारे एरिक श्मिट यांना संचालक मंडळातील जॉन डोअर यांनी कोच घेण्याचा सल्ला दिला. आपण अनुभवी मुख्याधिकारी असताना कोच कशाला, अशी श्मिट यांची पहिली प्रतिक्रिया होती. नंतर मात्र तो आपल्याला मिळालेला सर्वोत्तम सल्ला असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यांचे कोच बिल कॅम्पबेल हे १९७४ ते १९७९ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर श्मिट व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यांच्या कार्यावर पुस्तक लिहिले. कॅम्पबेल स्वतः कंपन्यांचे प्रमुख राहिले होते आणि प्रसंगी स्पष्ट मतही देत. त्यामुळे ‘कोच कधीच सल्ला देत नाही’ असे कर्मठ सूत्र व्यवहारात टिकत नाही. सल्ला दिला तरी निर्णयाची मालकी हिरावून घेतली जाऊ नये, हे पथ्य मात्र पाळावेच लागते.

संशोधनाचा कौलही सावधपणे अनुकूल आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेबूम व सहकाऱ्यांच्या १८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात कामगिरी, स्वास्थ्य, कामाविषयीची वृत्ती व ध्येयानुसारी आत्मनियमन यांवर कोचिंगचा सकारात्मक परिणाम आढळला. जोन्स व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील १७ अभ्यासांच्या विश्लेषणात संस्थेबाहेरील कोचपेक्षा संस्थेतीलच कोचच्या बाबतीत परिणाम अधिक दिसला. अभ्यासांची संख्या मर्यादित असल्याने यावरून ठाम विधान करणे घाईचे ठरेल. तरीही महागडे बाह्य तज्ज्ञ न परवडणाऱ्या शिक्षणसंस्थांसाठी हा निष्कर्ष विचारार्ह आहे.

८. मर्यादा आणि धोके

कोचिंगच्या मर्यादेचा सर्वांत गंभीर धडा उत्तर प्रदेशातील एका मोठ्या प्रयोगातून मिळतो. हा प्रयोग कार्यकारी कोचिंगचा नव्हे; परंतु ‘प्रत्यक्ष काम करणाऱ्याला निरीक्षण व प्रत्याभरण यांद्वारे साह्य’ हे तत्त्व तेच. सुरक्षित प्रसूतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली तपासणी-सूची १२० आरोग्यकेंद्रांपैकी निम्म्या केंद्रांत कोचिंगच्या साह्याने राबविण्यात आली. दीड लाखाहून अधिक मातांचा समावेश असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभानंतर दोन महिन्यांनी, कोचिंग असलेल्या केंद्रांत आवश्यक कृतींचे पालन ७२.८ टक्के तर इतर केंद्रांत ४१.७ टक्के होते. कोचिंग थांबल्यानंतर, म्हणजे प्रारंभापासून बारा महिन्यांनी, पहिल्या गटातील प्रमाण ६१.७ टक्क्यांवर आले. आणि मातामृत्यू, अर्भकमृत्यू व मातांमधील गंभीर गुंतागुंत यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ते अनुक्रमे १५.१ व १५.३ टक्के होते.

हे आकडे दोन गोष्टी सांगतात. कोचिंगने वर्तन बदलते, पण आधार काढून घेतल्यावर तो बदल ओसरू लागतो. तसेच वर्तन बदलल्याने इष्ट परिणाम साधेलच असे नाही. त्यासाठी साधने, कौशल्य आणि पुढील उपचारांची साखळीही सिद्ध असावी लागते. जेथे व्यवस्था अपुरी आहे तेथे व्यक्तीला कोचिंग देणे म्हणजे व्यवस्थेच्या दोषाचे ओझे व्यक्तीच्या खांद्यावर टाकणे होय. रिक्त पदांच्या महाविद्यालयाचे उदाहरण येथे लागू पडते.

दुसरा धोका मानसशास्त्रीय आहे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास यांनी जून २००२ च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये इशारा दिला होता की मानसशास्त्राची बैठक नसलेले कोच खोल मानसिक समस्येला वर्तनातील किरकोळ दोष समजून हाताळतात आणि हानी वाढवितात. याच नियतकालिकाने २००९ मध्ये १४० कोचचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. वैयक्तिक समस्यांसाठी आपली नेमणूक होते असे केवळ ३ टक्के कोचनी सांगितले. परंतु प्रत्यक्षात वैयक्तिक समस्यांबाबत साह्य करावे लागल्याचे ७६ टक्क्यांनी मान्य केले. नैराश्य, व्यसन वा आत्मघाताचे विचार यांची चाहूल लागताच कोचने थांबून संबंधित व्यक्तीला तज्ज्ञ उपचारकाकडे जाण्यास सुचविणे, हे त्याचे कर्तव्य होय. परवान्याची सक्ती नसलेल्या व्यवसायात हे कर्तव्य सर्वस्वी विवेकावर अवलंबून असते.

तिसरा धोका आपल्या संस्थाजीवनात विशेष संभवतो. कोचिंगचे मानधन संस्था देते, संवाद मात्र अधिकाऱ्याशी होतो. मग कोच नेमका कोणाला उत्तरदायी? संस्थाचालकांनी ‘प्राचार्यांविषयी तुमचे मत कळवा’ असे विचारले आणि कोचने ते कळविले, तर त्या क्षणी कोचिंग संपते आणि हेरगिरी सुरू होते. सल्लागाराचा अहवाल संस्थेच्या मालकीचा असतो आणि तो तसाच असावा. कोचिंगमधील संवाद मात्र गोपनीय असतो. म्हणून प्रारंभीच संस्था, अधिकारी व कोच यांच्यात त्रिपक्षीय लेखी करार असावा. कोणती उद्दिष्टे संस्थेला कळतील, भेटींची संख्या किती, आणि कोणती गोष्ट कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे.

९. निवडीचे निकष

मदत घेण्यापूर्वी संस्थेने वा अधिकाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारणे हितावह ठरेल.

पहिला : उणीव माहितीची आहे काय? नियम, तंत्र, कायदा, आकडेवारी यांचे ज्ञान नसेल तर सल्लागार बोलवावा.

दुसरा : उणीव साधनांची आहे काय? मनुष्यबळ, निधी वा अधिकार नसतील तर सल्लागार व कोच दोघेही दुय्यम. आधी त्या साधनांसाठी पाठपुरावा करावा.

तिसरा : काय करावयास हवे हे ठाऊक आहे, साधनेही आहेत, तरीही ते होत नाही, अशी स्थिती आहे काय? तसे असेल तरच कोचिंगला वाव आहे.

आपल्या महाविद्यालयांत मूल्यांकनाच्या तयारीसाठी बाह्य तज्ज्ञांना पाचारण करण्याची प्रथा परिचित आहे. कागदपत्रांची मांडणी, निकषांचा अर्थ, माहितीचे संकलन यांसाठी ते योग्यच आहे. परंतु मूल्यांकन समिती परत गेल्यानंतर विभागातील संवाद, सहकाऱ्यांचा विश्वास आणि प्रमुखाची ऐकण्याची तयारी यांत काही फरक पडला का, हा प्रश्न सल्लागाराच्या कक्षेबाहेरचा आहे. सेवानिवृत्त प्राचार्य अथवा अन्य महाविद्यालयातील अनुभवी सहकारी यांना श्रवण व प्रश्नकौशल्याचे प्रशिक्षण देऊन, नव्या प्राचार्यांसाठी पहिल्या वर्षापुरती अशी सोय अल्प खर्चात करता येईल. मात्र त्यांनी ‘आमच्या काळी’ हे शब्द उंबरठ्याबाहेर ठेवून आत यावे लागेल.

१०. समारोप

सल्ला आणि कोचिंग यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही. एक ज्ञान देतो, दुसरा दृष्टी स्वच्छ करतो. ज्ञानाच्या अभावी कोचिंग पोकळ ठरते आणि आत्मदर्शनाच्या अभावी सल्ला कपाटात पडून राहतो. निवड चुकण्याची किंमत सहसा अधिकाऱ्यापेक्षा त्याच्या हाताखालील माणसांना मोजावी लागते. बैठकीत गप्प बसणाऱ्या कनिष्ठ अध्यापकाला ती विशेष मोजावी लागते. म्हणून ‘कोणाला बोलवावे?’ या प्रश्नाआधी ‘आपल्यात नेमके काय उणे आहे?’ हा प्रश्न यावयास हवा.

अध्यापकांना हा भेद खरे तर अपरिचित नाही. फळ्यावर उत्तर लिहून देणे आणि विद्यार्थ्याच्या वहीतील चुकलेल्या पायरीवर केवळ बोट ठेवून थांबणे, या दोन्ही कृती आपण रोज करतो. कोणत्या विद्यार्थ्यासाठी कोणत्या वेळी काय करावे, हे चांगल्या अध्यापकाला कळते. तोच विवेक आपल्या सहकाऱ्यांच्या आणि स्वतःच्या बाबतीत वापरता येणे, हीच या विषयाच्या अभ्यासाची फलश्रुती होय.